डब्याचं दूध आणि बाळाची रोगप्रतिकारशक्ती : डब्यावरचे शब्द कसे वाचावेत?



मागच्या पावसाळ्यात माझ्या चौथीच्या वर्गातली एक मुलगी सारखी गैरहजर राहू लागली. आठवड्यातून दोन दिवस, कधी तीन. हुशार मुलगी, गणितात तर विशेष. विचारलं तर म्हणाली, "बाई, बाळाला जुलाब लागलेत. आई कामाला जाते, मग मी घरी थांबते."

पालकसभेला तिची आई चार महिन्यांच्या बाळाला घेऊनच आली. सभा संपल्यावर थांबली आणि मला म्हणाली, "बाई, मी दिवसा कामावर असते, म्हणून डब्याचं दूध चालू केलंय. दुकानदार म्हणाला, यात प्रतिकारशक्ती वाढवायचं औषध घातलंय. महाग आहे, तरी घेतला. मग पोर सारखं आजारी का पडतं?"

प्रश्न अगदी रास्त होता. मी डॉक्टर नाही, डी.एड. झालेली प्राथमिक शिक्षिका आहे. त्यामुळे पहिल्यांदा त्यांना आशाताईंबरोबर आरोग्य केंद्रात पाठवलं. पण हा प्रश्न डोक्यातून जाईना. डब्यात नेमकं काय असतं? आईच्या दुधात काय असतं? आणि डब्यावर छापलेल्या त्या अवघड शब्दांनी बाळाचं आजारपण खरंच कमी होतं का? याविषयी वाचलं, समजून घेतलं आणि जसं समजलं तसं आज तुमच्यापुढे मांडते आहे.

सुरुवातीलाच एक सांगते. हा लेख डब्याचं दूध देणाऱ्या कुठल्याही आईला दोष देण्यासाठी नाही. कुणाला पान्हाच फुटत नाही, कुणाचं बाळ काचेच्या पेटीत असतं, कुणाला दोन महिन्यांत कामावर जावं लागतं. माहिती असली की निर्णय सोपा होतो, एवढाच हेतू.

१) बाळ जन्मतं तेव्हा त्याच्याजवळ काय असतं?

आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणारी प्रथिनं असतात. त्यांना प्रतिद्रव्यं म्हणतात. त्यांचे काही प्रकार आहेत. त्यातला 'आयजीजी' हा प्रकार आईच्या रक्तातून वारेमार्गे गर्भाला मिळतो. म्हणजे माणसाचं बाळ रिकाम्या हाताने येत नाही, आईने दिलेली शिदोरी घेऊन येतं. पण ही शिदोरी पहिल्या काही महिन्यांत हळूहळू संपत जाते. बाळाची स्वतःची यंत्रणा त्या वेळी नुकती शिकू लागलेली असते. मधला हा काळ नाजूक असतो.

गाईगुरं पाळणाऱ्या पालकांना हे पटकन कळेल. वासराला वारेतून प्रतिद्रव्यं मिळतच नाहीत. म्हणून व्यालेल्या गाईचा चीक वासराला पहिल्या काही तासांतच पाजावा लागतो. नाहीतर वासरू तगणं कठीण. त्याच चिकाचा आपण आवडीने खरवस करून खातो. गंमत बघा, गाईच्या चिकाचं आपल्याला एवढं कौतुक आणि बाळंतिणीचा चीक मात्र काही घरांत आजही "पिवळं, घट्ट, खराब दूध" म्हणून पिळून टाकतात! खरं तर पहिल्या दोन-तीन दिवसांचा हा चीक म्हणजे प्रतिद्रव्यांनी सगळ्यात भरलेलं दूध. प्रमाण थोडं, पण गुण मोठा. म्हणूनच जन्मल्यापासून एका तासाच्या आत बाळाला छातीशी लावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) भारतात हे फक्त ४१.८ टक्के बाळांच्या बाबतीत घडतं.

२) आईच्या दुधात असं काय असतं?

दूध म्हणजे पाणी, साखर, चरबी, प्रथिनं आणि क्षार, असं आपण मुलांना शिकवतो. ते बरोबरच आहे. पण आईच्या दुधात पोषणाशिवाय संरक्षणाचंही साहित्य असतं. त्यातले मुख्य घटक पाहू.

आयजीए : हे प्रतिद्रव्य बाळाच्या आतड्याच्या आतल्या अस्तरावर पसरतं आणि जंतूंना तिथे चिकटू देत नाही. यातली कमाल पुढे आहे. आई ज्या घरात, ज्या गावात राहते तिथले जंतू तिच्या पोटात आणि श्वासात जातात. तिचं शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिद्रव्यं बनवतं. ती बनवणाऱ्या पेशी तिच्या आतड्यातून निघून स्तनांपर्यंत पोचतात. म्हणजे बाळाला ज्या जंतूंशी गाठ पडणार आहे, नेमक्या त्यांचाच बंदोबस्त दुधातून येतो. आईला सर्दी झाली तर अंगावर पाजणं बंद करू नका असं सांगतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

लॅक्टोफेरिन : जंतूंना वाढायला लोह लागतं. लॅक्टोफेरिन हे प्रथिन ते लोह धरून ठेवतं. जंतू उपाशी राहतात.

लायसोझाइम : हे काही जिवाणूंची बाहेरची भिंतच फोडतं. आपल्या अश्रूंमध्ये आणि लाळेतही ते असतं.

जिवंत पेशी : आईच्या पांढऱ्या पेशी दुधातून बाळाच्या पोटात जातात.

विशेष साखरा : यांचं लांबलचक नाव 'ह्यूमन मिल्क ऑलिगोसॅकराइड्स' असं आहे. लघुरूप एचएमओ. आईच्या दुधात लॅक्टोज आणि चरबी यांच्यानंतर सगळ्यात जास्त प्रमाणात असणारा घन पदार्थ हाच. याचे दीडशेहून अधिक प्रकार सापडले आहेत. आणि नवल म्हणजे बाळाला या साखरा पचतच नाहीत!

मग आईचं शरीर एवढा खटाटोप का करतं? कारण हे जेवण बाळासाठी नाही, बाळाच्या आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंसाठी आहे. बायफिडोबॅक्टेरियम नावाचे जिवाणू या साखरा खाऊन वाढतात, आम्ल तयार करतात. त्या आंबट वातावरणात अपायकारक जंतूंना जम बसवणं अवघड जातं. दुसरं काम म्हणजे फसवणूक. काही रोगजंतू आतड्याच्या पेशींवरच्या ज्या साखरेला चिकटतात, तशाच दिसणाऱ्या या साखरा दुधात तरंगत असतात. जंतू त्यांनाच चिकटतो आणि शी वाटे बाहेर जातो.

३) मग डब्यात काय असतं?

डब्याचं दूध म्हणजे नुसती दुधाची पावडर नव्हे, हे आधी लक्षात घेऊ. बहुतेक डबे गाईच्या दुधापासून बनतात, पण त्यात बरेच बदल केलेले असतात. का, ते आकड्यांत पाहा.

आईच्या दुधात १०० मिलीमध्ये प्रथिनं साधारण १ ग्रॅम असतात. गाईच्या दुधात सव्वातीन ग्रॅमच्या आसपास. शिवाय गाईच्या दुधातल्या प्रथिनांत सुमारे ८० टक्के केसीन असतं, ज्याचा पोटात घट्ट चोथा होतो. आईच्या दुधात मट्ठ्यासारख्या पाण्यात राहणाऱ्या प्रथिनांचा, म्हणजे व्हेचा, वाटा जास्त असतो, ती हलकी असतात. गाईच्या दुधात क्षारही जास्त, त्यामुळे बाळाच्या कोवळ्या मूत्रपिंडांवर ताण येतो. लोह मात्र फार कमी. म्हणून एक वर्षाच्या आत गाईचं किंवा म्हशीचं दूध हे मुख्य दूध म्हणून देऊ नये असं सांगितलं जातं.

डब्याचं दूध बनवताना प्रथिनं कमी करतात, केसीन आणि व्हे यांचं प्रमाण बदलतात, लॅक्टोज वाढवतात, दुधाच्या चरबीऐवजी वनस्पती तेलं घालतात, लोह आणि जीवनसत्त्वं मिसळतात. पोषणाच्या दृष्टीने हे साध्या वरच्या दुधापेक्षा बाळासाठी नक्कीच सुरक्षित आहे. जगभरात लाखो बाळं यावर वाढली आहेत.

पण संरक्षणाचं साहित्य? गाईच्या दुधातली प्रतिद्रव्यं वासरासाठी असतात, आणि पावडर करताना दूध तापवल्यावर त्यातली बरीचशी टिकतही नाहीत. जिवंत पेशी तर नाहीतच. गाईच्या दुधात त्या विशेष साखराही अगदी नगण्य. म्हणजे पाया पोषणाचा झाला, पण पहारेकरी नाहीत. यामुळे डब्यावर वाढणाऱ्या बाळाच्या आतड्यातले जिवाणूही वेगळे असतात. बायफिडोबॅक्टेरियमचं राज्य कमी आणि इतर प्रकारांची सरमिसळ जास्त.

४) डब्यावरचे नवे शब्द

हे पहारेकरी डब्यात कसे आणता येतील, यावर कंपन्या आणि संशोधक बरीच वर्षं काम करत आहेत. डबा हातात घेतला की मागे जे शब्द दिसतात त्यांचा अर्थ असा :

प्रीबायोटिक (जीओएस, एफओएस) : चांगल्या जिवाणूंचं खाद्य. या साखरा आईच्या दुधातल्या नाहीत. गाईच्या दुधातल्या लॅक्टोजपासून किंवा वनस्पतींपासून बनवलेल्या असतात. बायफिडोबॅक्टेरियम वाढायला आणि शी मऊ व्हायला यांची मदत होते.

प्रोबायोटिक : थेट जिवंत जिवाणूच घातलेले.

एचएमओ : आईच्या दुधातल्या साखरांसारखीच रचना असलेल्या साखरा, पण कारखान्यात जिवाणूंकडून बनवून घेतलेल्या. 'टू-प्राइम फ्युकोसिल-लॅक्टोज' ही त्यातली सगळ्यात प्रसिद्ध. २०१६ च्या सुमारास अशा साखरा असलेले डबे परदेशात विकायला आले. आईच्या दुधात दीडशेवर प्रकार आणि डब्यात एखादा, फार तर पाच-सहा.

डीएचए, एआरए : या चरबीच्या जाती. मेंदू आणि डोळ्यांच्या वाढीशी यांचं नाव जोडलं जातं.

न्यूक्लिओटाइड : पेशी नव्या बनताना लागणारे घटक.

एमएफजीएम : दुधातल्या चरबीच्या कणांभोवतीचं पातळ आवरण. ताक घुसळताना लोणी वर येतं तेव्हा हे आवरण फुटून बरंचसं ताकात जातं. डब्यात दुधाच्या चरबीऐवजी वनस्पती तेल घातलं की हे आवरणही जातं. म्हणून काही डब्यांत ते वेगळं काढून घालतात.

५) संशोधन काय सांगतं?

इथे आपण शिक्षकांनी थोडं सावध राहायला हवं. "अंगावर पिणारी बाळं कमी आजारी पडतात" हे नुसतं पाहून चालत नाही. कारण अंगावर पाजणाऱ्या आया कदाचित जास्त शिकलेल्या असतील, घरात पाणी स्वच्छ असेल. मग फरक दुधाचा की घराचा?

हे शोधायला बेलारूस देशात एक मोठा प्रयोग झाला. ३१ रुग्णालयं चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत विभागली. एका गटातल्या कर्मचाऱ्यांना स्तनपानाला मदत करण्याचं खास प्रशिक्षण दिलं, दुसऱ्या गटात नेहमीचं काम चालू ठेवलं. १७ हजारांहून जास्त बाळांची वर्षभर नोंद ठेवली. २००१ मध्ये निष्कर्ष छापले गेले. पहिल्या वर्षात पोटाचा संसर्ग झालेल्या बाळांचं प्रमाण प्रशिक्षणाच्या गटात ९.१ टक्के होतं, तर दुसऱ्या गटात १३.२ टक्के. लहान बाळांच्या इसबाचं प्रमाण ३.३ टक्के विरुद्ध ६.३ टक्के. श्वसनाच्या आजारांत मात्र ठळक फरक दिसला नाही. लक्षात घ्या, प्रशिक्षणाच्या गटातल्या सगळ्याच आया अंगावर पाजत नव्हत्या. तरीही एवढा फरक पडला.

२०१६ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने जगभरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. त्यानुसार स्तनपानाने जुलाबाचे सुमारे निम्मे आणि श्वसनसंसर्गाचे सुमारे एक तृतीयांश प्रसंग टळू शकतात. जगभर स्तनपान पुरेसं वाढलं तर वर्षाला पाच वर्षांखालच्या ८ लाख २३ हजार मुलांचे मृत्यू टळतील, असा अंदाज त्यांनी मांडला.

वेळेआधी जन्मलेल्या बाळांत तर हा फरक आणखी तीव्र असतो. आतड्याचा एक भाग सडण्याचा भयंकर आजार अशा बाळांना होतो. इंग्लंडमधल्या १९९० च्या एका अभ्यासात केवळ डब्याच्या दुधावर असलेल्या अशा बाळांत तो केवळ आईच्या दुधावरच्या बाळांपेक्षा ६ ते १० पट अधिक आढळला. म्हणूनच अशा बाळांसाठी दूधपेढ्या असतात. आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे आशियातली पहिली मातृदुग्धपेढी १९८९ मध्ये मुंबईत, सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात सुरू झाली. डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी ती उभी केली.

आता डब्यातल्या नव्या घटकांकडे येऊ. स्वीडनमध्ये डब्याचं दूध पिणाऱ्या १६० बाळांवर एक अभ्यास झाला. निम्म्यांना साधी पावडर, निम्म्यांना ते चरबीकणांचं आवरण घातलेली पावडर. सहा महिन्यांपर्यंत साध्या गटात ९ टक्के बाळांचा कान फुटण्यासारखा कानाचा संसर्ग झाला, तर आवरणवाल्या गटात १ टक्का. एचएमओ घातलेल्या डब्यांच्या काही चाचण्यांत पालकांनी ब्राँकायटिस आणि प्रतिजैविकांचा वापर कमी झाल्याचं नोंदवलं.

म्हणजे घटक बदलला की फरक पडू शकतो, हे खरं आहे. पण हे अभ्यास लहान आहेत. १६० बाळांवरून सगळ्या जगाचा निकाल लावता येत नाही. आणि ते झाले कुठे? जिथे नळाचं पाणी सरळ पिता येतं अशा देशांत! आपल्या वाडी-वस्तीवर एखाद्या घटकाचा फायदा घाणेरड्या पाण्याच्या एका घोटात वाहून जाऊ शकतो.

६) त्या ताईंच्या घरचा हिशेब

हाच मुद्दा मला त्या ताईंच्या घरी गेल्यावर कळला. मी त्यांना विचारलं, "ताई, एक डबा किती दिवस पुरतो?"

"पंधरा दिवस पुरवते, बाई. जपून वापरते."

त्यांची मुलगी शेजारीच बसली होती. मी तिलाच वही आणायला सांगितली. चला, तुम्हीही करून बघा.

बाळाचं वजन ६ किलो. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला दिवसाला किलोमागे साधारण १५० मिली दूध लागतं. म्हणजे ६ × १५० = ९०० मिली. त्यातलं निम्मं, रात्रीचं आणि सकाळचं, अंगावर. निम्मं म्हणजे ४५० मिली डब्याचं. डब्यावर लिहिलं होतं : ३० मिली पाण्यात एक सपाट चमचा. ४५० ÷ ३० = १५ चमचे. एका चमच्यात साधारण साडेचार ग्रॅम पावडर. १५ × ४.५ = ६७.५ ग्रॅम रोज. डबा ४०० ग्रॅमचा. किती दिवस पुरायला हवा?

"सहा दिवस, बाई," मुलगी म्हणाली. आणि मग आईकडे बघून गप्प झाली.

सहा दिवसांचा डबा पंधरा दिवस. म्हणजे बाळाला मिळत होतं निम्म्याहून पातळ दूध. आईने मुद्दाम काहीच केलं नव्हतं. महागाचा डबा जपून वापरला, आपण घरात तेल-साखर वापरतो तसा. पण बाळाचं पोट पाण्याने भरत होतं आणि अंग उपाशी राहत होतं. उपाशी बाळाची प्रतिकारशक्ती आधी घसरते. मग जुलाब. जुलाबाने आणखी अशक्तपणा, त्याने पुन्हा आजार. हे चक्र आपण पोषणाच्या धड्यात फळ्यावर काढतो. इथे ते डोळ्यांसमोर होतं.

दुसरी गोष्ट बाटलीची. सकाळी भरलेली बाटली दुपारपर्यंत चालायची. बूच निघायचं नाही म्हणून आतून घासलीच जात नव्हती. पाणी हातपंपाचं, न उकळलेलं. कोमट, गोड दुधात जंतू किती वेगाने वाढतात हे दही लावणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. एवढ्याशा विरजणाने रात्रीत अख्खं पातेलं लागतं!

तिसरी गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. पावडर निर्जंतुक नसते. बंद डब्यातही क्वचित क्रोनोबॅक्टर किंवा साल्मोनेला हे जंतू असू शकतात. असे प्रसंग क्वचित घडतात, पण दोन महिन्यांच्या आतल्या आणि वेळेआधी जन्मलेल्या बाळाला त्यापासून मोठा धोका असतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना म्हणते की पावडर किमान ७० अंश सेल्सिअस गरम पाण्यात मिसळावी, म्हणजे हे जंतू मरतात. (इतक्या गरम पाण्यात प्रोबायोटिक जिवाणूही मरतात. म्हणजे ज्याचे जास्त पैसे दिले तेही गेलं! पण सुरक्षितता आधी. शंका असेल तर बाळाच्या डॉक्टरांना विचारा.)

७) डब्याचं दूध द्यावंच लागत असेल तर

• आधी हात साबणाने धुवा. बाटलीऐवजी स्टीलची वाटी-चमचा किंवा बोंडलं वापरा. वाटी-चमचा घासायला सोपा, उकळायलाही सोपा.
• पाणी खळखळ उकळा. खाली उतरवून अर्ध्या तासाच्या आत वापरा, म्हणजे ते पुरेसं गरम असतं.
• आधी पाणी मोजा, मग पावडर. डब्यातलाच चमचा, सुरीने किंवा डब्याच्या काठाने सपाट केलेला. शीग नको, दाबून भरणंही नको. प्रत्येक डब्याचं प्रमाण वेगळं असू शकतं, म्हणून डब्यावरचं वाचाच.
• पातळ करू नका आणि "पोर बाळसं धरेल" म्हणून घट्टही करू नका. घट्ट दुधाने अंगातलं पाणी कमी पडतं.
• गार पाण्यात वाटी ठेवून दूध निववा, मनगटावर थेंब टाकून पाहा, लगेच पाजा.
• उरलेलं ठेवू नका. केलेलं दूध दोन तासांत वापरलं नाही तर टाकून द्या. बाळाने उष्टं केलेलं तर लगेच टाका.
• जमेल तेवढं अंगावर पाजणं चालूच ठेवा. "डबा लावला, आता अंगावरचं बंद" असं नसतं. थोडं पाजलं तरी ते पहारेकरी बाळाला मिळतातच.
• कामावर जाताना स्वच्छ हातांनी दूध पिळून झाकणाच्या स्टीलच्या भांड्यात ठेवता येतं. सावलीत, गार जागी चार तास धरून चाला.

८) काही नेहमीचे प्रश्न

प्रश्न : महागडा डबा घेतला तर बाळ कमी आजारी पडेल का?
उत्तर : एखाद्या घटकाचा थोडा फायदा होऊ शकतो. पण महाग डबा पातळ करून देण्यापेक्षा साधा डबा योग्य प्रमाणात देणं कधीही चांगलं. मूलभूत पोषणाचे नियम सगळ्याच डब्यांना पाळावे लागतात.

प्रश्न : अंगावर पिणाऱ्या बाळाला लसी कशाला?
उत्तर : दोन्ही बाळांना सगळ्या लसी वेळेवर हव्यातच. आईचं दूध लसीची जागा घेत नाही.

प्रश्न : सहा महिन्यांच्या आत पाणी, मध, घुटी?
उत्तर : केवळ आईच्या दुधावर असलेल्या बाळाला उन्हाळ्यातही वेगळं पाणी लागत नाही. मध तर एक वर्षापर्यंत चाटवूच नये. त्यातून क्वचित गंभीर विषबाधा होऊ शकते.

प्रश्न : डब्यावर बाळाचं चित्र का नसतं?
उत्तर : कायद्यामुळे! १९९२ चा शिशुदुग्ध पर्यायांचा कायदा आणि त्यातली २००३ ची दुरुस्ती यांनुसार दोन वर्षांपर्यंतच्या बाळांच्या अशा अन्नाची जाहिरात करता येत नाही, फुकट नमुने वाटता येत नाहीत, डब्यावर बाळाचं किंवा आईचं चित्र छापता येत नाही. पावडर आईच्या दुधासारखीच आहे असं सुचवणारे शब्दही वापरता येत नाहीत. आईचं दूधच सर्वोत्तम, ही सूचना छापावीच लागते. तेव्हा कुणी दुकानात "हे अगदी आईच्या दुधासारखं" म्हणालं, तर डबा फिरवून ती सूचना त्यांनाच वाचून दाखवा.

९) शाळेत आपण काय करू शकतो?

तुम्ही म्हणाल, बाळाचा विषय प्राथमिक शाळेत कशाला? कारण गैरहजेरीच्या रजिस्टरमागे कधी कधी घरातलं आजारी बाळ असतं, आणि घरी थांबते ती बहुतेक वेळा मोठी बहीण. मी आता असं करते :

• कुणी मूल सलग गैरहजर असेल तर "का आला नाहीस?" याबरोबर "घरी लहान बाळ आहे का?" हेही विचारते.
• पालकसभेत दहा मिनिटं अंगणवाडीताईंना किंवा आशाताईंना बोलायला देते.
• पाचवीच्या परिसर अभ्यासात रिकाम्या डब्यावरची माहिती वाचायला लावते. घटक, प्रमाण, तारीख, सूचना. भाषा, गणित आणि विज्ञान तिन्ही एकाच डब्यात!
• वरचा डब्याचा हिशेब भागाकाराचं उदाहरण म्हणून देते. फक्त कुणाच्या घरचं नाव येऊ देत नाही.

शेवटी

माझा मुलगा झाला तेव्हा मला १८० दिवसांची प्रसूती रजा होती. संघटित क्षेत्रातल्या मातांना २०१७ च्या दुरुस्तीनंतर २६ आठवडे मिळतात. त्या ताईंना बाळ दोन महिन्यांचं असताना मजुरीला जावं लागलं, कारण खाडा झाला की पैसे नाहीत. सहा महिने फक्त आईचं दूध द्या, हे सांगायला मला सोपं आहे. पाळायला त्यांना किती अवघड आहे, हे मला त्या दिवशी कळलं. म्हणून "डबा का दिला?" हा प्रश्न मी आता कुणाला विचारत नाही. "किती पाण्यात किती चमचे?" हे विचारते. याचं उत्तर आईच्या हातात असतं.

ताईंनी पाणी उकळायला सुरुवात केली, बाटली सोडून वाटी-चमचा घेतला आणि दुपारच्या सुट्टीत घरी येऊन एकदा अंगावर पाजायला लागल्या. आरोग्य केंद्रातून ओआरएस आणि झिंकच्या गोळ्याही मिळाल्या होत्या. महिनाभराने बाळाचं वजन वाढलं. आणि दिवाळीच्या सुट्टीआधीच्या महिन्यात त्या मुलीच्या नावापुढे हजेरीपटावर एकही गैरहजेरी नव्हती.

वरची माहिती समजून घेण्यासाठी आहे, उपचारासाठी नाही. बाळ मलूल वाटलं, पीत नसेल, शीमध्ये रक्त दिसलं, सहा-आठ तास लघवी झाली नाही किंवा तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला, तर वेळ न घालवता दवाखाना गाठा.

तुमच्या शाळेत, तुमच्या गावात असा अनुभव आला असेल तर जरूर सांगा. लेख उपयोगी वाटला तर आपल्या अंगणवाडीताईंना वाचून दाखवा.